खुर्चीमागचे हात

सप्टेंबरच्या सुरुवातीला कुवेतमधला उन्हाळा संपत नाही, नुसती त्याच्या संपण्याची बातमी येते. इथली जुनी माणसं पहाटे दक्षिणेकडे सुहैल तारा शोधतात आणि दिवसभर एकमेकांना सांगत सुटतात, दिसला बरं का. आपण त्यालाच अगस्ती म्हणतो. तारा दिसला तरी बसच्या खांबाला हात लावला की चटका बसतोच. पण दुकानांत दप्तरं टांगली जातात, दोन महिने ओस पडलेल्या गल्ल्यांत पुन्हा गाड्या लावायला जागा उरत नाही, आणि मिरकाबमधल्या आमच्या स्टुडिओत अल्बमची कामं यायला लागतात.

उन्हाळ्यात इथली घरंच्या घरं परदेशी जातात. परत आली की त्यांतली हौशी मंडळी चार-पाच फोनमधले फोटो एका पेन ड्राइव्हवर भरून आमच्याकडे आणून देतात. हजार-बाराशे फोटो असतात. त्यातून दीडशे निवडायचे, उजळ करायचे, कापायचे, पानांवर मांडायचे आणि जाड पुठ्ठ्याचं पुस्तक बांधून द्यायचं. एकोणीस वर्षं मी हेच करतोय. अरबी पुस्तक उजवीकडून उघडतं. मला मात्र अजून डावीकडून उघडायची खोड आहे, त्यामुळे प्रत्येक सहलीत मी आधी विमानतळावरचे थकलेले चेहरे बघतो आणि मग हळूहळू निघायच्या दिवसापर्यंत जातो.

हल्ली कामं कमी झाली आहेत. लोक फोटो फोनमध्येच ठेवतात आणि फोनमध्येच विसरतात. तरी या आठवड्यात एक पेन ड्राइव्ह आला. उघडला तर काळे डोंगर. एका नजरेत बेट ओळखलं, फोल्डर बंद केला आणि बाहेर चहा प्यायला गेलो.

लांझारोते. नाव घेताना माझी जीभ अजून अडखळते. स्पेनच्या ताब्यातलं, पण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळचं बेट. समुद्राच्या तळातल्या ज्वालामुखीतून वर आलेलं. मी तिथे गेलेलो नाही आणि जाणारही नाही, पण तिथे कुठल्या वळणावर गाडी थांबवून फोटो काढतात ते मला पाठ आहे. घरं सगळी पांढरी, दारं-खिडक्या बहुतेक हिरव्या. काळ्या राखेत माणसाच्या उंचीचे खड्डे खणून प्रत्येकात एकेक द्राक्षाचा वेल लावलेला, आणि वाऱ्याच्या बाजूला दगडांची अर्धगोल वई. असे खड्डे डोंगरभर. वेलांनाही तिथे एकेकट्याची खोली असते, असं मला ते पहिल्यांदा बघताना वाटलं होतं. एक हिरवंगार तळं समुद्राला अगदी चिकटून. एक गुहा, तिच्यातलं पाणी इतकं स्तब्ध की वरचं छतच खाली खोल दरी होऊन दिसतं. दुसऱ्या गुहेत नखाएवढे पांढरे खेकडे, ज्यांना डोळेच नाहीत. रविवारच्या बाजारात टोपलीसारख्या टोप्या घालून नाचणाऱ्या बायका. मिठागरंही आहेत. ती बघून मात्र मला आमच्याकडचं काहीतरी बघितल्यासारखं वाटतं.

आणि उंट आहेत. काळ्या डोंगरावर पर्यटकांना फिरवणारे. कुवेतची माणसं एवढा विमानप्रवास करून जातात आणि तिथे रांग लावून उंटावर बसतात, याची मला आधी फार गंमत वाटायची. मग लक्षात आलं, मी तरी काय वेगळं करतो? गुहागरला गेलो की पहिल्याच दिवशी बाजारात जाऊन बांगडाच आणतो, जो इथे फाहाहीलच्या मासळीबाजारात रोज मिळतो.

सगळ्यांचा शेवटचा मुक्काम मात्र एकच, धगधगता डोंगर. वरून थंडगार, पण हातभर खाली उकरलं तर हात भाजेल असा. तिथला माणूस खड्ड्यात सुकं गवत टाकतो, ते आपोआप पेटतं. मग जमिनीत रोवलेल्या नळीत बादलीभर पाणी ओततो. क्षणभर काही होत नाही. मग धाडकन वाफेचा लोट वर उसळतो आणि भोवतीची माणसं किंचाळून मागे पळतात. जवळच्या हॉटेलात त्याच धगीवर कोंबडी भाजून देतात. या सगळ्याचे मी इतके फोटो पाहिलेत की कधीकधी जलीबच्या माझ्या खोलीत, कोणी स्टोव्हवर मासे तळत असताना, मला त्या डोंगराचा वास आल्यासारखा वाटतो. न घेतलेला वास कसा आठवेल? पण येतो खरा.

जलीबला आम्ही एका खोलीत सहा जण राहतो. कोणी दोन वर्षांनी जातं, कोणी सहा महिन्यांत. नवा माणूस येतो, नाव सांगतो, त्याची गादी कोणती ते ठरतं. मी लग्न केलं नाही, म्हणजे करायचं राहून गेलं. गावी एक बहीण आहे, ती तिच्या संसारात. माझा गेल्या कित्येक वर्षांतला फोटो म्हणाल तर बताक्यावरचा, इथल्या ओळखपत्रावरचा. दिवसभर दुसऱ्यांचे फोटो लावणाऱ्या माणसाचा स्वतःचा फोटो नसावा यात दुःख करण्यासारखं काही नाही, असं मी पूर्वी म्हणायचो. आता म्हणत नाही. शुक्रवारी दुपारी खोलीत सगळे घरी व्हिडिओ कॉल करतात तेव्हा मी उगाच जिन्यात जाऊन उभा राहतो.

आमच्या धंद्याचे दोन नियम आहेत. पहिला गिऱ्हाइकाचा. नोकरमाणसं पानावर नकोत. कोणी तोंडानं सांगतं, कोणी सांगतही नाही, समजून घ्यायचं असतं. लहान मुलाचा हात धरलेली बाई, बॅगा उचलणारा ड्रायव्हर, सगळे कडेला असतात, त्यामुळे कापणं अवघड नसतं. मी ते सफाईनं करतो, आणि ही सफाई मी वर्षानुवर्षं मिरवली आहे. दुसरा नियम आमच्या मालकाचा. अल्बम हातात दिला की गिऱ्हाइकासमोर सगळे फोटो पुसायचे, आमच्याकडचे आणि पेन ड्राइव्हवरचेही. घरच्या बायकांचे फोटो असतात, लोकांना तो विश्वास लागतो.

सात-आठ वर्षांपूर्वी अशाच एका सप्टेंबरमध्ये याच बेटाचे अकराशे फोटो आले होते. त्या कुटुंबात एक म्हातारी होती, चाकांच्या खुर्चीतली. तिला सगळीकडे नेलेलं. गुहेच्या तोंडाशी म्हातारी, हिरव्या तळ्यापाशी म्हातारी, द्राक्षांच्या खड्ड्यांपाशी काळा चष्मा लावून बसलेली म्हातारी. आणि प्रत्येक फोटोत खुर्चीच्या मुठींवर दोन हात. सावळे, जाड बोटांचे, मनगटात दोन-दोन बांगड्या. माणूस नाही, हातच. मी मुठींच्या अलीकडे कापत गेलो. खुर्ची आपोआप चालत होती असं पानावर दिसायला लागलं.

त्यातले साठेक फोटो म्हातारीच्या स्वतःच्या फोनमधले होते. मांडीवर फोन धरून बसली असताना नकळत बोट लागून निघालेले. बुरख्याचा काठ, चपलेचा अंगठा, आभाळ. असे फोटो मी एका दमात निवडून काढून टाकतो. तसेच ते टाकले. एकावर दोन सेकंद हात थांबला, तेवढंच. मग तोही टाकला.

अल्बम न्यायला त्या घरची सून आली. तिच्यामागून म्हातारीची खुर्ची आली, आणि खुर्चीमागून ते हात. मी चमकून वर बघितलं. पन्नाशीची बाई, डोक्यावर ओढणी घट्ट बांधलेली. मी त्या सुनेसमोर, म्हणजे मॅडमसमोर, फोटो पुसले, पेन ड्राइव्ह रिकामा करून दिला. तेवढ्यात बहिणीचा फोन आला, तिला म्हटलं, "मागनं फोन करतंय गो." ती बाई माझ्याकडे बघत राहिली. जाताना खुर्ची दारात अडकली तेव्हा मी पुढचं चाक उचलून दिलं.

पुढच्या शुक्रवारी ती एकटीच आली. दुकान संध्याकाळी उघडतं, मी दुपारीच येऊन बसलो होतो. जिन्यातल्यापेक्षा इथे बरं.

"भाऊ, तुमी रत्नागिरीचं काय?" तिनं दारातूनच विचारलं.

"गुहागर."

"मी बानकोटची. मैमुना." मग एकदम म्हणाली, "मना माजा एक फोटो पायजे."

मला 'मना' म्हणणारं माणूस बऱ्याच वर्षांनी भेटलं होतं. खाडीपलीकडची आमची पाहुणी मंडळी असंच बोलायची. मी तिला बसायला स्टूल दिलं आणि पाणी दिलं.

तिचं म्हणणं साधं होतं. जुलैत तिची रजा ठरलेली. लेकीचं, शबानाचं, पहिलं बाळंतपण होतं, आणि ते आईच्या घरी करायचं म्हणून लेक बानकोटला येऊन राहिली होती. तिकीट काढून झालं होतं. ऐन वेळी म्हातारीनं हट्ट धरला, मैमुना नसेल तर मी बेटावर येणार नाही. घरच्यांनी सांगितलं, दहा दिवसांचा तर प्रश्न आहे, आल्यावर जा. त्या दहा दिवसांत मुलगी झाली. आईच्या घरी बाळंतपण, आणि आईच नाही. शेजारच्या चाचीनं सगळं केलं.

"आता रजा कधी देतील?"

"आल्यावर पुढं ढकलली. देतील थंडीत. पन लेक बोलत नाय. फोन लावला की कापते. शेवटची बोलली ती एवढंच, तू मजा मारायला गेलीस. म्या सांगितलं, खुर्ची ढकलाया गेलते. तर म्हनते, दाखव मग, फोटो दाखव." तिनं स्वतःचा फोन पुढे केला. कॅमेऱ्याची काच फुटलेली. "यात नुसतं धुकं येतंय. मॅडमला विचारलं, तर तिनं तुमचा अल्बम उघडून दाखवला. बघ, तू कशातच नाहीस म्हनाली."

अकराशे फोटोंतल्या तीनेकशे फोटोंत ही बाई होती, निदान मनगटापर्यंत. ती खुर्ची ढकलत होती याचे एवढे पुरावे माझ्यासमोर होते आणि ते सगळे मी माझ्या हातानं कापले होते. उरलेले पुसले होते. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी उठून उगाच ए.सी. कमी-जास्त केला.

"घरच्यांच्या फोनमधले असतील ना अजून? निदान म्हातारीच्या?" मी विचारलं.

"अल्बम झाला म्हनून समद्यांनी फोन साफ केले. म्हातारीचा मॅडमनं केला. उगाच भरून ठेवते म्हनाली."

तेव्हा मला तो दोन सेकंदांचा फोटो आठवला. मी तिला सांगितलं. धगधगत्या डोंगरावरचा, वाफ उसळली तेव्हाचा. म्हातारीच्या मांडीवरून निघालेला, त्यामुळे खालून वर आणि तिरका. कोपऱ्यात म्हातारीचा गुडघा. मागे पांढरी वाफ, आणि मधोमध तू, दचकून खुर्चीकडे वळलेली आणि मोठ्यानं हसणारी.

"व्हय," ती म्हणाली. "खुर्चीला ब्रेक लावला आनी नळीत काय हाय ते बगाया पुढं गेले. तर धडाम झालं." तिच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं. मग तिनं ओढणी सारखी केली. "हे नको सांगूस तिला. त्याच दिवशी तिची पोर झाली. मना रातीला हाटेलात कळलं."

"मग काय सांगू?"

"फोटो होते, पुसले म्हनून सांग. खुर्ची ढकलत व्हती म्हनून सांग. तू बाहेरचा मानूस, तुजं ऐकंल."

लेकीला माझा नंबर माहीत नव्हता, म्हणून तिनं फोन उचलला. मी स्पीकर लावला. मी कोण, कुठून बोलतोय ते सांगितलं, आणि मग ठरल्याप्रमाणे बोललो. तुमच्या अम्मीचे फोटो मी पाहिलेत. सगळ्या फोटोंत खुर्चीला हात. गुहेपाशी, तळ्यापाशी, बाजारात. दहा दिवस ती बाई खुर्चीमागेच होती. चुकून ते फोटो माझ्याकडून पुसले गेले, माफ करा.

पलीकडे बाळ कुरकुरत होतं. शबाना रागावेल, नाहीतर विरघळेल, अशी माझी अपेक्षा होती. तसं काही झालं नाही.

"एवढ्या लांब जाऊन पन खुर्चीच?" ती म्हणाली. आवाज थकलेला होता. "मना वाटलं, माज्या येळेला नव्हती तर निदान तिनं तिकडं काय तरी बघितलं आसंल."

मैमुनाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. ती फक्त फोनकडे बघत होती, खुर्चीच्या मुठी धराव्यात तशी टेबलाची कड धरून. आणि मला ते सहन झालं नाही. माणसाला कापायची सवय लागली की तो शेवटी बोलतानाही कापतो, तसं माझं झालं होतं.

"एक फोटो होता," मी म्हणालो. "त्यात ती हसत होती."

मैमुनानं माझी बाही धरली. मी बोलत राहिलो. वाफेचं सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं.

शबाना मध्येच म्हणाली, "थांबा. तोंडावर हात व्हता?"

"काय?"

"अम्मी हसताना तोंडावर हात धरते. पुढचा दात तुटलाय तिचा. माज्या निकाहच्या फोटोत पन हातच हाय. ह्या फोटोत हात व्हता काय?"

मी डोळे मिटून बघितलं. घाईत सांगायचं नव्हतं. "नव्हता," मी म्हणालो. "दोन्ही हात मोकळे होते. दात तुटलेला दिसत होता."

पलीकडे नुसतं बाळ ऐकू येत होतं. मग शबाना रडायला लागली, की हसायला, ते मला आजवर नीट ठरवता आलेलं नाही. "म्हंजी खरंच हसली," ती म्हणाली. "अम्मीला द्या."

मी फोन मैमुनाच्या हातात दिला आणि बाहेर जिन्याच्या तोंडाशी येऊन उभा राहिलो. ऊन रखरखत होतं. आत दोघी एकाच वेळी बोलत होत्या. मला आनंद झाला होता आणि त्याच वेळी फार एकटं वाटत होतं. असं कोणाला तरी माझ्याबद्दल विचारावंसं वाटेल का, की हसताना तो काय करतो? मी हसताना काय करतो, ते मलाच माहीत नाही.

मैमुना त्या थंडीत घरी जाऊन आली. दोन वर्षांनी म्हातारी वारली आणि ती कायमची बानकोटला गेली. ईदला तिचा फोन यायचा. खुशाली झाली की म्हणायची, "भाऊ, त्या फोटोचं सांग की." मी सांगायचो. सांगता सांगता मी त्यात भर घालायला लागलो. ओढणीला हिरवा रंग आला. वारा आला. मागे दूरवर समुद्र आला. तिला आवडायचं, आणि मलाही वर्षातून एकदा कोणाला काहीतरी सांगायला मिळायचं. नोकरमाणसं कापायचं काम मी सोडलं नाही, पोट त्याच्यावरच आहे. फक्त आता टाकाऊ फोटोही मी एकेक करून बघतो. मालक म्हणतो, म्हातारा झालास, हात मंद झाला.

काल शुक्रवार होता. दुपारी शबानाचा फोन आला. मैमुना गेल्याचं तिनं आधीच कळवलं होतं, काल चाळिसावा होता.

"घरात मानसं बसल्यात, भाऊ," ती म्हणाली. "अम्मीचा धड फोटो नाय घरात. पासपोर्टचा हाय, त्यात घाबरलेली दिसते. बाकीच्यांत तोंडावर हात. तुमी एकदा सांगता काय? स्पीकरवर टाकते. पोरीला पन ऐकायचंय."

मी जिन्यात उभा होतो. आत खोलीत पाच फोन पाच घरांशी बोलत होते. मी डोळे मिटले आणि इतक्या वर्षांत घातलेलं एकेक काढायला लागलो. समुद्र काढला. तो त्या जागेवरून दिसतो की नाही, देव जाणे. वारा काढला. ओढणीचा हिरवा रंग काढला. खरा रंग मला आठवत नाही. मग जेवढं उरलं तेवढंच सांगितलं. फोटो तिरका होता. कोपऱ्यात म्हातारीचा गुडघा होता. मागे वाफ होती. ती मोठ्यानं हसत होती, आणि तिचे दोन्ही हात मोकळे होते.

मग एका लहान मुलीचा आवाज आला. त्या वाफेच्या दिवशी जन्मलेली हीच.

"मंग खुर्ची कुनी धरली व्हती?"

"कोणीच नाही," मी म्हणालो. "तुझ्या नानीनं ब्रेक लावला होता."